चीज तपकिरी व्हायला हवं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मिनलला आज अॅडमिट केलं. सकाळी सात वाजता तिनं बाथरूममधून हाक मारली. रक्त जात होतं. शेजारच्या जाईबाई धावत आल्या, त्यांनीच तिला रिक्षात बसवलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडाशी. बाळ एकोणतीस आठवड्यांचं. आता हलायचं नाही, हॉस्पिटलातच झोपून राहायचं. चौतीस आठवड्यांपर्यंत ओढलं तर बाळ हाती लागेल. मी विचारलं, आणि मध्येच घरी नेलं तर? त्या म्हणाल्या, परत रक्त गेलं तर बाळाचं सांगता येत नाही. मग म्हणाल्या, आईचंही. म्हणजे पाच आठवडे. मिनलची धाकटी बहीण तिच्याजवळ थांबणार आहे. घर आणि मुलं माझ्याकडं.

मुलं मिनलच्या पहिल्या घरची. त्यांचे वडील चार वर्षांपूर्वी हायवेला अपघातात गेले. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं. आम्रपाली नऊ वर्षांची, तिला सगळे आमू म्हणतात. सम्यक पाच वर्षांचा. मला दोघंही काका म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. येणारं बाळ मात्र माझं पहिलंच, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

रिक्षात बसताना मिनलनं दोघांना जवळ घेऊन बजावलं, "नीट जेवा हं. तुम्ही जेवला नाहीत ना, तर मला तिथनं उठून यावं लागेल." चांगला दम दिला. मुलांना असं स्पष्ट सांगितलेलं बरं असतं.

वही अशासाठी की मला सवय आहे. चाकणला आमच्या कंपनीत गिअर भट्टीत तापवून कडक करतात. अठरा वर्षं झाली, शिफ्ट संपताना भट्टीनं दिवसभर काय केलं ते लिहिल्याशिवाय मला बस पकडता आलेली नाही. घरही तसंच चालवावं म्हणतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज कंपनीची सुट्टी. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी, त्यामुळं एरवी आम्ही एकमेकांच्या वाटेला जातच नाही. आता अख्खं घर माझ्या गळ्यात.

तीन दिवसांत मुलं घरी जेवलेली नाहीत. सकाळचं कपभर दूध, बास. वरणभात केला, नको. पोळ्या जाईबाईंनी दिल्या, नको. बटाट्याची भाजी आमूला जीव की प्राण, मिनल म्हणते. तिनं ताट असं सरकवलं, जणू मी त्यात काही कालवलंय. डबे तेवढे शाळेतून रिकामे येतात, तोच एक आधार.

संध्याकाळी हात टेकले आणि विचारलं, "आमू, तुला काय खावंसं वाटतं ते सांग. काहीही सांग. मी करतो."

ती छताकडं बघत म्हणाली, "बेक्ड पास्ता."

"म्हणजे?"

"पिंपळे सौदागरला आमच्या वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाला होता. त्याला ओव्हन लागतो. वरचं चीज तपकिरी व्हायला हवं." आणि मग, "आपल्याकडं ओव्हन नाहीये."

"बघू ना," मी म्हटलं. मनातून खरं सांगायचं तर आनंदच झाला. तीन दिवसांत पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. आणि भट्टी हा माझा विषय आहे राव! कस्टमरनं नेमकं काय हवं ते सांगितलं की अर्धं काम झालं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मिनल रोज ताटांचे फोटो मागते. काल भरल्या ताटांचा पाठवला तर म्हणाली, खाल्ल्यावरचा पाठव. मग दोन्ही ताटं मीच संपवली आणि रिकाम्यांचा पाठवला. तिला बरं वाटलं. मला नाही वाटलं.

कंपनीत सोपानरावांना विचारलं. ते भट्टीवर माझ्यासोबत असतात, मूळचे जालन्याचे. म्हणाले, "कुकरमदी मीठ टाका, त्याच्यावर डबा ठेवा, रिंग काढा, शिट्टी काढा. आमची सून केक करती तसा. न्हाईतर इकडं आणा, गिअरसंगं टाकू भट्टीत." सगळे हसले. मीही हसलो. पाच दिवसांत पहिल्यांदा हसलो, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज रजा टाकली, मुलांची सुट्टी होती म्हणून. आम्ही तिघांनी मिळून पास्ता केला.

कामं वाटून दिली. सम्यकनं चीज किसायचं, आमूनं मोबाईलवरून कृती वाचायची, मी गॅस सांभाळायचा. लोण्यावर मैदा परतला, दूध ओतलं तर ह्या एवढ्या गुठळ्या! आमू म्हणाली, "दूध थोडं थोडं ओतायचं असं लिहिलंय." मग आधी का नाही वाचलंस बाई? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाहीत. पण मग तिनंच रवी घेऊन सगळ्या गुठळ्या मोडल्या, जीभ दाताखाली धरून, अगदी मिनलसारखं. सम्यकच्या नाकाला चीज लागलं होतं. अर्धा तास हे घर घरासारखं होतं.

भट्टी तापली म्हणून माल तापला असं नसतं, आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ द्यावा लागतो, हे मी नव्या पोरांना कायम सांगतो. तेवढा वेळ मोजून दिला. कुकर उघडला तर चीज वितळलेलं, पण पांढरंफटक. आमूनं वाकून बघितलं. "हा बेक्ड नाही, उकडलाय," म्हणाली आणि उठली. सम्यक ओठ चाटत डब्याकडं बघत होता. तिनं त्याचा हात धरला आणि बाहेर नेलं. भावाला फार जपते ती.

मी एकट्यानं किचनमध्ये उभ्याउभ्या खाल्ला. वाईट नव्हता हो.

सोमवार, १० फेब्रुवारी

बसमध्ये डायरीच्या मागच्या पानावर व्हाय-व्हाय लिहिलं. कंपनीत पार्ट खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारत मुळाशी जायचं, तसं.

मुलं का जेवत नाहीत? माझ्या हातचं आवडत नाही. का? आईच्या हातची सवय. मग जाईबाईंच्या पोळ्या का नकोत? मी वाढतो म्हणून. मी वाढलेलं का नको? कारण मी त्यांचा कुणी नाही.

पाचव्या 'का'ची गरजच उरली नाही. खरं तर असं लिहिलेलं कंपनीत चालत नाही. माणसावर बोट ठेवून कागद बंद केला की ऑडिटर तो परत पाठवतो. म्हणतो, माणूस हे कारण नसतं, पुढं शोधा. पण घरात कुठला ऑडिटर येणार?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आमूनं काल मिनलला फोनवर सांगून टाकलं, "आई, मी काहीच जेवले नाही. सम्यक पण नाही. काका खोटे फोटो पाठवतात." एकदम शांतपणे सांगितलं, तक्रार म्हणून सुद्धा नाही. मी तिथंच होतो. लाज वाटून मान वर करता येईना.

मिनल रडली फक्त. तिनं रडणंसुद्धा बरं नाही असं सिस्टर म्हणतात. मग म्हणाली, "धम्मरत्न, माझी पोरं उपाशी आणि मी इथं पडून ताटावर ताट खाते. मला नाही जमणार हे. मी माझ्या जबाबदारीवर सही करून घरी येते." कसंबसं समजावलं. गुरुवारपर्यंत थांब म्हटलं, पास्ता जमत आलाय म्हटलं. माणूस काय काय बोलतो!

जाईबाईंकडं जाऊन बसलो. त्या इथल्याच, रहाटणीत इमारती नव्हत्या तेव्हापासूनच्या. म्हणाल्या, "तुमी वरून जाळ देता का न्हाई? आमी रोडगं भाजायचो तवा खाली निखारं, वर बी निखारं. वरून आच न्हाई तर रंग कसा यायाचा?" हे मला, भट्टीवाल्याला, सुचू नये! फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? पण बिडाचा तवा आहे. तो गॅसवर लाल होईस्तोवर तापवून डब्यावर उपडा धरला तर?

जाईबाई आणखी एक म्हणाल्या. "त्या पोरीला भूक न्हाई असं न्हाई. काल माझ्या दारात बसली व्हती, मी भाकरी थापत व्हते, तर भाकरीकडं नुसती बघत व्हती. दिली तर म्हनती नको. आवंढा गिळून नको म्हनती. मला न्हाई कळलं बाबा." मलाही नाही कळलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जमला! शाळेतून आल्यावर तिघांनी केला. गुठळी नाही. तवा दोन फडक्यांनी धरून डब्यावर बोटभर उंच धरला. चीज आधी फुगलं, मग तडतडलं, मग त्याच्यावर तपकिरी डाग आले. सम्यक ओरडला, "ताई, झाला तपकिरी!" माझा अंगठा भाजला, फोड आलाय, पण त्याचं काही नाही.

आमूनं बघितलं. चेहरा पडला तिचा. चक्क पडला. मग म्हणाली, "कडेनं कुरकुरीत व्हायला पाहिजे. त्यांचा कुरकुरीत होता."

बशा तशाच राहिल्या. मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेलो आणि परत आलो तर सम्यक ओट्याखाली बसून पास्त्याच्या पाकिटातले कच्चे तुकडे चावत होता. कच्चे! दगडासारखे! आमूनं ते त्याच्या तोंडातून काढले आणि त्याला एक धपाटा घातला. दोघंही रडायला लागले.

मला आज पहिल्यांदा तिचा राग आला. लिहायला नको, पण लिहितो. खांद्याला धरून गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, तुला पाहिजे तरी काय? आणि एक घाणेरडा विचार मनात आला, तोही लिहितो. हिला हे बाळ नकोच असेल. माझं बाळ आहे म्हणून. आई उठून आली की बाळ जाईल, हे नऊ वर्षांच्या मुलीला कळत असेल का? कळत असेल तर? लिहिताना माझीच मला शिसारी येते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शाळेतून फोन आला, पण मला नाही, मिनलला. शाळेत तिचाच नंबर आहे. आमू सकाळी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन खाली बसली. बाई म्हणाल्या, ही डबा रोज इतर मुलांना वाटून टाकते, आमच्या आज लक्षात आलं. म्हणजे ते रिकामे डबे. मी इथं आधार म्हणून लिहिले होते ते.

सुपरवायझरला न सांगताच कंपनीतून निघालो. शाळेत तिला लिंबूसरबत पाजलं होतं. माझा हात धरून चालत आली. हात इतका हलका लागला की चाकणच्या तळेगाव चौकापासून रिक्षात दाबून ठेवलेलं रडू तिथंच शाळेच्या गेटवर फुटलं. वॉचमन बघत होता. बघू दे.

दुपारी मेहुणीचा फोन. "दाजी, ताई ऐकत नाहीये. उद्या रात्रीपर्यंत पोरं जेवली नाहीत तर परवा सकाळी राऊंड झाला की सही करून निघणार म्हणते. बॅग भरून ठेवलीय तिनं." डॉक्टरबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, आम्ही समजावलं, पण बांधून तर ठेवता येत नाही. कालही थोडं रक्त गेलंय.

तीस आठवडे आणि काही दिवस. एवढंच झालंय बाळ.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज अक्षर कसंही येईल.

आज कामावर गेलोच नाही. मुलांनाही शाळेत पाठवलं नाही. दुपारी सगळं मांडून ठेवलं. कडा कुरकुरीत व्हाव्यात म्हणून डबा सोडून पसरट ताटली घेतली, कडेला लोणी लावलं, ब्रेडचा चुरा भुरभुरला. आमूनं कामाला नाही म्हटलं नाही, ती कामाला कधीच नाही म्हणत नाही. सॉस तिनंच हलवला, मधूनमधून ओट्याला टेकून. सम्यकनं चीज किसलं. तवा मी धरला. पाच वाजता ताटली खाली ठेवली, तर कडा कुरकुरीत, वर सगळीकडं तपकिरी, घरभर वास. इतका चांगला पास्ता मी हॉटेलात बघितला नाही.

जमिनीवर तिघांच्या मध्ये ठेवला. मी म्हटलं, "आमू, आता यात काय राहिलं असेल तर तेही सांग. मी हात जोडतो तुला. एक घास खा."

तिनं विचारलं, "आई उद्या येणार ना? मावशी म्हणाली बॅग भरलीय."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

आणि पोरगी हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा, अख्खा चेहरा उजळला. सम्यकनं तिच्याकडं वळून विचारलं, "ताई, आई येणारच आहे ना? मग आता खाऊ? आता चालेल ना?"

"थांब ना रे. उद्यापर्यंत. आता खाल्लंस तर काका फोटो पाठवतील, मग ती येणार नाही."

सांडशी माझ्या हातात होती ती तशीच राहिली. मिनल रिक्षात बसताना काय म्हणाली होती, तेव्हा आठवलं. मीच लिहून ठेवलंय ते, चांगला दम दिला म्हणून! बारा दिवस मी चीजचा रंग बघत बसलो. तवा काय, ताटली काय, ब्रेडचा चुरा काय. आणि ही दोन लेकरं पोटाला चिमटा घेऊन आईची वाट बघत होती. आमू ओव्हन नसलेल्या घरात ओव्हनचं मागत होती, आणि मी गाढव, मला वाटलं कस्टमरला माल पसंत नाही.

खाली बसलो. सम्यकला मांडीवर घेतलं. मला असलं बोलायला येत नाही. सरळच सांगितलं, "आमू, आई उद्या आली तर बाळ जाईल. ते अजून एवढंसं आहे. आई उठली, चालली, रिक्षात बसली की परत रक्त जाणार. म्हणून ती झोपून आहे. कुणी तिला अडवून ठेवलेलं नाही."

तिनं विचारलं, "मग आई बरी होईल ना? बाळ गेलं तरी?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. बोलायला हवं होतं की नको, अजून कळत नाही. मी म्हटलं, "सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आईचंही सांगता येत नाही."

"बाबांसारखं?"

"हो."

हे नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं असतं का? मिनल मला माफ करणार नाही. आमू रडली नाही. तिनं ताटली पुढं ओढली आणि हातानंच खायला सुरुवात केली. इतकं गरम होतं, मी थांब थांब म्हणेपर्यंत दोन घास गेले. सम्यकच्या तोंडात घास कोंबला. "खा. पटापट खा." तो बिचारा आनंदानं खात होता, त्याला काय माहीत. मग मला म्हणाली, "फोन लावा. फोटो नको, व्हिडिओ लावा."

मिनलला लावला. आमू तोंड भरलेलं असतानाच बोलली, "आई, बघ, मी जेवतेय. सम्यक पण. तू येऊ नकोस हं. बॅग परत ठेव. उठू नकोस, मावशीला सांग ठेवायला."

मिनल हसायला लागली, हसता हसता डोळे पुसत होती. "एवढा भारी झालाय का गं पास्ता? आईला येऊ नको म्हणतेस? काकांनी जादू केली की काय!" आमूनं मान डोलावली आणि आणखी एक घास घेतला. मेहुणी मागून म्हणाली, "दाजी, जिंकलात तुम्ही." काय जिंकलो?

फोन ठेवला. सम्यकचं पोट भरलं, तो माझ्या मांडीवर कलंडला. आमू मात्र खातच होती. उपाशी पोटाला एवढं झेपणार नाही, तिला उमासा आला, तिनं तो गिळला, डोळ्यांत पाणी आलं, परत घास घेतला. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, आमू, बास.

ती म्हणाली, "काका, अजून किती खाऊ म्हणजे आई नक्की येणार नाही?"

मी मनगट सोडलं नाही आणि ती दुसऱ्या हातानं खात राहिली.